वाचकांचे प्रश्न: ग्रॅव्हल बाईकला हलका गिअर हवाय, क्रँकसेट कुठला घेऊ?

या वेळी आलेल्या पत्रांमध्ये एकच विषय फिरून फिरून आलाय, कच्च्या रस्त्याच्या ग्रॅव्हल बाईकला चढावर गिअर पुरत नाही, मग पुढचा क्रँकसेट (पायडलचे दांडे आणि त्यांच्या दातेरी रिंगा) बदलू का आणि बदलला तर कुठला. म्हणून हे पूर्ण सदर त्यालाच दिलंय. पहिलं उत्तर लांबलंय कारण बाकीच्यांच्या प्रश्नांचा पायापण त्यातच आहे, ते आधी वाचा.

प्रश्न: ताई नमस्कार. माझ्या ग्रॅव्हल बाईकला शिमानो १०५ चा ११ स्पीडचा सेट आहे (आर७०००), पुढे ५० आणि ३४ दात्यांच्या दोन रिंगा (५०/३४), मागे ११ ते ३२ दात्यांची कॅसेट (११-३२), टायर ७०० बाय ४०. सपाटीला छान पळते पण कच्च्या चढावर, त्यात बॅगा बांधलेल्या असल्या की शेवटच्या गिअरलापण पाय फिरत नाहीत, एकेक पायडल ढकलत जावं लागतं आणि दुसऱ्या दिवशी गुडघे दुखतात. मी, बाईक, सामान सगळं मिळून ९० किलो. ग्रुपमधले म्हणतात गिअर बदलू नको, ताकद वाढव. मला ४६/३० घ्यावा वाटतोय, पण ४८/३१ पण मिळतो आणि एकजण म्हणाला सरळ वन-बाय कर, म्हणजे पुढे एकच रिंग. डोकं चालेनासं झालंय, काय करू?

उत्तर: आधी ते ताकदीचं बघू, कारण या एका वाक्यापायी खूप जणांनी गुडघे खराब करून घेतलेत आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं.

समजा १० टक्क्यांचा चढ आहे, रस्ता कच्चा आहे आणि तुम्ही १५० वॅट लावताय. हे काही कमी नाही, रोज ऑफिस सांभाळून सायकल चालवणाऱ्या माणसाने तासभर चढावर १५० वॅट टिकवणं म्हणजे चांगलंच आहे. ९० किलो वजन आणि खडीवरचा टायरचा अडथळा धरला तर एवढ्या ताकदीत ताशी साधारण साडेपाच किलोमीटरचा वेग मिळतो. आता ४० मिमी टायरचं चाक एका फेरीत सुमारे २.२ मीटर जातं. तुमचा सगळ्यात हलका गिअर ३४/३२, म्हणजे १.०६, म्हणजे पायडलच्या एका फेरीत बाईक २ मीटर ३४ सेंटीमीटर पुढे जाते. त्या वेगाला भागा, कॅडन्स, म्हणजे पायडलच्या फेऱ्या, येतो मिनिटाला ३९. एकोणचाळीस! तुम्ही जे "एकेक पायडल ढकलावं लागतं" म्हणताय ते हेच, त्यात तुमच्या मनाचा किंवा जिद्दीचा काही दोष नाही, साधा भागाकार आहे.

उलटीकडून बघा. त्याच चढावर ३४/३२ मध्ये ६० चा कॅडन्स ठेवायचा तर जवळपास २३० वॅट लागतात. तीस दाते पुढे आणि चौतीस मागे असले तर तेच काम १९० वॅटमध्ये होतं, आणि १५० वॅटलाच जायचं असेल तर कॅडन्स ३९ वरून ४७ वर येतो. ४७ म्हणजे काही फार नाही हे मान्य, पण प्रत्येक पायडलला गुडघ्यावर येणारा जोर १७ टक्क्यांनी कमी झाला, आणि दोन तासांच्या चढात पायडलच्या हजारो फेऱ्या होतात.

डांबरी रस्त्यावर अशा वेळी सीटवरून उठून, अंगाचं वजन टाकून भागवता येतं. खडीवर ते जमत नाही, उठलात की मागच्या चाकावरचं वजन कमी होतं आणि चाक जागच्या जागी फिरायला लागतं, म्हणजे बसूनच चढायचंय, आणि बसून चढायचं म्हणजे गिअर हलकाच पाहिजे. म्हणून रोड बाईकवर ज्या गिअरमध्ये तुम्ही तोच चढ चढता तो ग्रॅव्हलवर पुरत नाही, हे कोणाला कमीपणाचं वाटायचं कारण नाही. आणि हे कमीपणाचं वाटणं जुनंच आहे बरं का. टूर द फ्रान्समध्ये डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) वापरायला परवानगी मिळाली १९३७ मध्ये, तोपर्यंत शर्यतवाल्यांना गिअर म्हणजे लबाडी वाटायची. पण त्याच फ्रान्समध्ये लांब पल्ल्याचे हौशी सायकलस्वार टी.ए. कंपनीचे क्रँक लावून पुढे अगदी २६ दात्यांपर्यंतच्या छोट्या रिंगा वापरायचे, डोंगरातून सामान घेऊन फिरायचे. तेव्हा ४६/३० ही काही काल निघालेली टूम नाही, मधल्या काळात शर्यतीच्या बाईकच्या नादात आपण ती विसरलो होतो एवढंच.

आता खरा प्रश्न, काय घ्यायचं.

क्रँकच्या आधी कॅसेट बघा. ११-३२ च्या जागी ११-३४ टाकली तर ३४/३४, बरोब्बर १. सहा टक्के हलकं. तुमच्याकडे आत्ता ३२ आहे म्हणजे मागचा डिरेलर लांब केजचा (केज म्हणजे त्याचा चेन धरणारा भाग), जीएस असणार, कारण छोट्या केजवाला ३० पर्यंतच चालतो. जीएसला ३४ अधिकृतपणे चालतं, काही बदलावं लागत नाही. फक्त दोन गोष्टी. एक, शिमानोच्या ११ स्पीडच्या ११-३४ कॅसेटला ११ स्पीडच्या रोड हबवर मागे १.८५ मिमीचा स्पेसर, म्हणजे पातळ वॉशर, टाकावा लागतो, तो विसरला तर कॅसेट आवळणारी लॉकरिंग घट्ट होऊनपण कॅसेट हलत राहते. दुसरं, या कॅसेटमध्ये ११ नंतर एकदम १३, मग १५, १७ असं आहे, १२ आणि १४ नाहीत, तर सपाटीवर ग्रुपमध्ये पळताना तुम्हाला दोन गिअरच्या मधलं काहीतरी हवंहवंसं वाटेल. ग्रॅव्हलवर मला ते कधी जाणवलं नाही, वेग तसापण सारखा बदलत असतो.

सहा टक्क्यांनी तुमचं काम होणार नाही असं मला वाटतं, त्यामुळे क्रँकपण बदलावा लागेल, पण कॅसेट आधी बदला आणि एक महिना चालवा. ती नंतर तशीही लागणारच आहे, वाया जात नाही.

४६/३० आणि ११-३४ मिळून ३०/३४, ०.८८. वरच्या टोकाला ४६/११, ९० च्या कॅडन्सला ताशी ५० किलोमीटर. आत्ता ५०/११ ला ५४ होतात. म्हणजे ४ किलोमीटरचा फरक आणि तोही फक्त उतारावर, जिथे खडीवर तुमचं लक्ष ब्रेककडे असतं पायडलकडे नाही. यात गमावण्यासारखं काही नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

४८/३१ वर लोक का जातात ते मला कळतं, आकडा रोड बाईकच्या जवळचा वाटतो. पण तुमच्या बाबतीत एक अडचण आहे. मागच्या डिरेलरला एकूण किती दात्यांचा फरक सांभाळता येतो याला कपॅसिटी म्हणतात, पुढच्या दोन रिंगांमधला फरक अधिक कॅसेटच्या मोठ्या-छोट्या दात्यांमधला फरक. ४६/३० आणि ११-३४ चे होतात १६ अधिक २३, म्हणजे ३९. तुमच्या १०५ आर७००० जीएस डिरेलरची कपॅसिटी पण ३९ च आहे, अगदी काठोकाठ बसतं. ४८/३१ चे होतात ४०. एका दात्याने काही आभाळ कोसळत नाही, चालवतात लोक, पण हलक्यासाठी चाललाय आणि घेताय त्यातल्या त्यात जड, वर हद्दीच्या बाहेर, याला काही अर्थ नाही. जे जोरात पळतात, सपाट कच्च्या रस्त्यावर शर्यती करतात त्यांच्यासाठी ४८/३१ चांगला आहे.

वन-बायचं बोलायचं तर ४० ची रिंग आणि ११-४२ कॅसेट म्हणजे ०.९५, तुम्हाला हव्या त्या ०.८८ पेक्षा जड. त्याला नवीन मागचा डिरेलर लागेल, नवीन कॅसेट, नवीन क्रँक किंवा रिंग आणि डावा शिफ्टर नुसता ब्रेकपुरता उरणार. ज्याला मुळातच वन-बाय आवडतं त्याने करावं, साधं आहे, चेन पडत नाही, चिखलात बरं. पण हलक्या गिअरसाठी म्हणून तुम्ही ते करू नका, खर्च जास्त आणि मिळकत कमी.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्याच्यावर बहुतेक जण अडकतात, मीपण अडकले होते. शिमानोने २०१९ मध्ये ग्रॅव्हलसाठीचं जीआरएक्स आणलं तेव्हा जाड टायरला जागा मिळावी म्हणून डबल (दोन रिंगांच्या) क्रँकच्या रिंगा आणि फ्रंट डिरेलर रोडपेक्षा अडीच-एक मिलिमीटर बाहेर सरकवले. चेनलाइन, म्हणजे फ्रेमच्या मध्यापासून दोन रिंगांच्या मधोमध जे अंतर असतं ते, जीआरएक्स डबलचं ४६.९ मिमी आहे, रोडच्या डिस्क बाईकच्या क्रँकचं ४४.५ च्या आसपास. मी पहिल्यांदा ४६/३० लावला तेव्हा नुसता क्रँक घेतला आणि जुना रोडचा फ्रंट डिरेलर तसाच ठेवला. मोठ्या रिंगवर चेन जायची पण मागे छोट्या दात्यांवर आलं की केजला घासायची. तीन संध्याकाळी केबल ताण, स्क्रू फिरव, परत सोड असं करत बसले होते आणि शेवटी कळलं की डिरेलर तेवढा बाहेर जाऊच शकत नाही, त्याला जेवढं जायचं तेवढं तो जातोय. त्यामुळे जीआरएक्सचा क्रँक घेणार असाल तर जीआरएक्सचाच फ्रंट डिरेलर सोबत घ्या. तुमच्या आर७००० शिफ्टरबरोबर तो चालतो, केबलची ओढ जुळते.

आणि तो खाली सरकायलापण हवा. चेनची एक कडी अर्ध्या इंचाची, १२.७ मिमी, त्यामुळे एक दाता कमी झाला की रिंगची त्रिज्या साधारण २ मिमीने घटते. ५० वरून ४६, म्हणजे डिरेलर ८ मिमी खाली यायला हवा, केज आणि मोठ्या रिंगचे दाते यांच्यात १ ते ३ मिमी एवढीच फट हवी. तुमच्या फ्रेमला डिरेलर बोल्टने बसवायचा पत्रा असेल तर त्याच्या खाचेत खाली किती जागा उरलीय ते आजच पट्टीने मोजा. ८ मिमी नसेल तर बाकी सगळं बरोबर असूनपण काम होत नाही. पट्ट्याने नळीला आवळलेला असेल तर अडचण नाही, फक्त बाटलीच्या स्टँडचा बोल्ट मध्ये येत नाही ना ते बघा.

बॉटम ब्रॅकेट, म्हणजे फ्रेममधलं क्रँकचं बेअरिंग, मात्र बदलावा लागणार नाही. १०५ आणि जीआरएक्स दोघांचा दांडा २४ मिमीचाच आहे.

तर माझं उत्तर: आधी ११-३४ कॅसेट. मग जीआरएक्स आरएक्स६०० चा ४६/३० क्रँक आणि जीआरएक्स फ्रंट डिरेलर एकदम. नवीन चेन, लांबी पुढची मोठी रिंग आणि मागची सगळ्यात मोठी चकती धरून मोजायची, जुन्या चेनवर मोजायची नाही. जे महागातले ४६/३० आहेत ते वजनाला हलके असतात पण दाते तेवढेच, चढाला फरक दात्यांनी पडतो.

प्रश्न: माझी बाईक मुळातच वन-बाय आहे, जीआरएक्स ११ स्पीड, पुढे ४०, मागे ११-४२. मला डबल नकोय, पण जरा हलकं हवंय. ताई, पुढची रिंग ३६ ची टाकली तर?

उत्तर: टाका. ३६/४२ म्हणजे ०.८६, वरच्या उत्तरातल्या ४६/३० वाल्यापेक्षापण थोडं हलकंच. वरच्या टोकाला ३६/११ ला ९० च्या कॅडन्सवर ३९ किलोमीटर मिळतात, आत्ता ४३ मिळत असतील. तुम्ही एकटे फिरत असाल, सामान घेऊन जात असाल तर ३९ पुष्कळ झाले. ग्रुपबरोबर डांबरी उतारावर जाणार असाल तर पाय मोकळे फिरायला लागतील, मग ३८ घ्या, ३८/४२ चे ०.९०.

रिंग घेताना बोल्टचं वर्तुळ बघा, बीसीडी म्हणतात ते. तुमच्या क्रँकवर ते ११० मिमी आहे आणि चार बोल्ट सारख्या अंतरावर नाहीत, त्यामुळे जुन्या पाच बोल्टच्या ११० ची रिंग घेऊन आलात तर बसणार नाही. दाते एक जाड एक बारीक असलेलीच रिंग घ्या, साधी घेतली तर खडखडाटात चेन उतरेल. चार दाते कमी झाले की चेन दोन कड्यांनी, म्हणजे एक इंचाने कमी करावी लागते, कारण रिंगच्या अर्ध्याच भागाला चेन गुंडाळलेली असते. ती न कापता चालवून बघतात लोक, मी म्हणेन कापा, सैल चेन चेनस्टेवर (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या नळीवर) आपटते आणि रंग जातो.

मागे ४६ ची कॅसेट लावा असं कोणी सुचवेल. तुमच्या डिरेलरला कंपनीने ४२ पर्यंतच सांगितलंय. हँगर, म्हणजे डिरेलर ज्यावर लटकतो तो भाग, लांब करणारा तुकडा लावून मोठी कॅसेट चालवता येते पण मग शिफ्टिंग जरा आळशी होतं, रिंग बदलणं जास्त सरळ काम आहे.

प्रश्न: माझ्याकडे स्रॅम कंपनीचा फोर्स एएक्सएस सेट आहे, ४६/३३ आणि १०-३३. इथे काय पर्याय?

उत्तर: आत्ता तुमचा हलका गिअर १ आहे. स्रॅमचा ४३/३० येतो, त्याला ते वाईड म्हणतात, सोबत १०-३६ कॅसेट घेतली की ३०/३६, ०.८३. हा मला फार आवडणारा जोड आहे, कारण मागे १० दात्यांचा गिअर असल्यामुळे ४३/१० हा शिमानोच्या ४६/११ पेक्षा जड पडतो, म्हणजे खाली हलकं मिळालं आणि वर फारसं काही गेलं नाही.

पण वाईड म्हणजे नुसत्या रिंगा नाहीत, क्रँकचा दांडा लांब, चेनलाइन ४५ ऐवजी ४७.५ आणि फ्रंट डिरेलरपण वाईडचाच लागतो. मागचा डिरेलर कुठल्या साली घेतलाय ते बघा, आधीचे ३३ पर्यंतचेच होते, नंतरचे ३६ घेतात. सगळं एकदम जमत नसेल तर मागून सुरुवात करा, १०-३६ आणि त्याला चालणारा डिरेलर, ३३/३६ चे ०.९२ होतात. कदाचित तेवढ्यातच भागेल.

प्रश्न: माझ्याकडे एमटीबीचा (माउंटन बाईकचा) ३८/२८ चा क्रँक पडून आहे. तो ग्रॅव्हल बाईकला लावला तर फुकटात काम होईल का? मित्र म्हणाला बसेल.

उत्तर: बसेलही, पण तीन ठिकाणी मोजल्याशिवाय हात लावू नका.

पहिलं बॉटम ब्रॅकेट, म्हणजे बीबी. तुमच्या फ्रेमला आट्यांचा, ६८ मिमीचा असेल तर एमटीबीचा २४ मिमी दांड्याचा क्रँक स्पेसर टाकून बसतो, एमटीबीचे बीबी ६८ आणि ७३ दोन्हीसाठी असतात, ६८ ला चेनच्या बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला एक असे अडीच मिमीचे स्पेसर. प्रेसफिट फ्रेम (बीबी दाबून बसवायची) असेल तर थांबा, रोडच्या ८६.५ मिमीच्या आणि एमटीबीच्या प्रेसफिटमध्ये रुंदीचा फरक आहे.

दुसरं, फ्रंट डिरेलर. इथेच बहुतेक वेळा गाडी अडते. रोडच्या किंवा ग्रॅव्हलच्या डिरेलरच्या केजचा वळसा ४६-५० दात्यांच्या रिंगसाठी केलेला असतो. ३८ ला तो २ सेंटीमीटरच्या आसपास खाली आणावा लागेल, तेव्हा केजचं शेपूट चेनस्टेला टेकतं. आणि एमटीबीचा फ्रंट डिरेलर लावावा तर त्याची केबल किती ओढावी लागते हे रोड शिफ्टरशी जुळत नाही. शिवाय चेनलाइन आणखी बाहेर असते ती वेगळीच.

तिसरं, पायांमधलं अंतर. दोन्ही क्रँकच्या बाहेरच्या बाजूंमधलं अंतर, क्यू फॅक्टर, रोडच्या १०५ ला १४६ मिमी असतं, जीआरएक्सला १५१, एमटीबीचं १७० च्या आसपास. काहींना फरक कळतही नाही, काहींचे गुडघे आठवड्यात दुखायला लागतात. तुम्ही गुडघे वाचवायलाच हे करताय ना, म्हणून म्हणते.

फक्त २८ किंवा ३२ ची एकच रिंग ठेवून, पुढचा डिरेलर काढून टाकून चालवणार असाल तर यातली दुसरी अडचण संपते आणि मग हा प्रयोग करण्यासारखा आहे. डोंगरातच फिरणाऱ्याला ३२ पुढे आणि ११-४२ मागे, ०.७६, कुठलाही चढ बसून चढता येतो. सपाटीवर ताशी ३४-३५ च्या पुढे पायडल मारून जाता येणार नाही हे डोक्यात ठेवा.

प्रश्न: बाबांची जुनी स्टीलची टूरिंग बाईक मी ग्रॅव्हलसाठी तयार करतेय. पुढे तीन रिंगा आहेत ५०/३९/३०, नऊ स्पीड, मागे १२-२५. सगळे म्हणतात ट्रिपल काढून टाक, जुनं झालं. काढू का?

उत्तर: नका काढू! तुमच्याकडे जे आहे त्याला लोक आता पैसे मोजून शोधतात.

त्या क्रँकवर बहुतेक १३० आणि ७४ असे दोन बीसीडी आहेत, मोठ्या दोन रिंगांचा १३० आणि आतल्या छोट्या रिंगचा ७४. १३० वर ३८ पेक्षा लहान रिंग बसत नाही, म्हणून डबलवाल्यांना तो क्रँक चढासाठी निरुपयोगी वाटतो. पण ७४ वर २४ दात्यांपर्यंत जाता येतं. म्हणजे आतली ३० ची रिंग काढून २६ ची लावायची, पाच बोल्ट, अर्धा तास, झालं. नुसत्या तेवढ्याने तुमचा हलका गिअर १३ टक्क्यांनी खाली येतो. ३०/२५ चे १.२ होते ते २६/२५ चे १.०४. मागे नऊ स्पीडची ११-३२ आणि एमटीबीचा नऊ स्पीडचा लांब केजचा डिरेलर लावला, शिमानोच्या नऊ स्पीडमध्ये रोड शिफ्टर आणि एमटीबीचा मागचा डिरेलर एकमेकांशी चालतात, तर २६/३२, ०.८१. या सदरातल्या नव्याकोऱ्या बऱ्याच सेटपेक्षा हलकं, आणि क्रँक तोच, बीबी तोच, शिफ्टर तेच.

३९ वरून २६ वर चेन उतरताना कधीकधी आत, बीबीवर पडते. सीटच्या नळीला लावायचा छोटा चेन कॅचर मिळतो, तो लावा. आणि आतल्या छोट्या रिंगवर असताना मागचे छोट्या चकत्यांचे तीन-चार गिअर वापरायचे नाहीत, चेन सैल पडते, तिथे मधल्या रिंगवर या. मधली ३९ ची रिंग तुमची रोजची, सपाटीला सगळा दिवस त्याच्यावरच जाईल बघा. ट्रिपलचं मला हेच आवडतं.

बाबांच्या बाईकचे बोल्ट वर्षानुवर्षं उघडले नसतील, आधी तेल सोडून रात्रभर ठेवा, जोर करून डोकं खराब करू नका.

प्रश्न: क्रँकची लांबी १७२.५ वरून १६५ केली तर चढ सोपा होतो असं ऐकलं. खरं का?

उत्तर: सोपा नाही, उलट त्याच गिअरमध्ये पायाला साधारण साडेचार टक्के जास्त जोर लावावा लागतो, कारण तरफ छोटी झाली. अमेरिकन सायकल मेकॅनिक शेल्डन ब्राऊन यांनी गिअर मोजताना क्रँकची लांबीपण धरावी म्हणून गेन रेशो नावाची पद्धत मांडली होती ती याचसाठी. पण छोट्या क्रँकला पायडल वर येताना गुडघा कमी दुमडतो, आणि ज्यांची उंची कमी आहे किंवा गुडघा वर दुमडताना दुखतो त्यांना फार बरं वाटतं. म्हणून १६५ घ्या, जरूर घ्या, पण त्याच खेपेला गिअरपण हलका करा. तसंही नवीन क्रँक घेतच असाल तर लांबी बदलायची हीच वेळ आहे, नंतर नुसत्या लांबीसाठी कोणी परत खर्च करत नाही.

प्रश्न: ४६/३० लावला, चढाला खूप सुख आहे ताई, पण मोठ्या रिंगवरून छोटीवर आलं की पाय एकदम हवेत फिरतात, लय जाते. आणि एक, पहिल्या आठवड्यात क्रँकमधून टक टक आवाज येतोय.

उत्तर: १६ दात्यांची उडी आहे, एका झटक्यात गिअर ३५ टक्के हलका होतो, मागच्या एका गिअरचा फरक साधारण १०-१२ टक्के. म्हणून डावीकडे छोटी रिंग दाबलीत की लगेच उजवीकडे मागे दोन, कधी तीन गिअर जड करा, जवळजवळ एकाच वेळी. सपाटीवर दहा-पंधरा वेळा मुद्दाम करून बघा, हाताला सवय लागते. आणि चढ सुरू व्हायच्या आधी छोटीवर या, पूर्ण जोर लावलेला असताना पुढची चेन उतरवू नका, ती तेव्हाच पडते.

टक टक आवाजाचं आजच बघा, तोपर्यंत बाईक चालवू नका. डाव्या क्रँकचे दोन बोल्ट टॉर्क रेंचने १२ ते १४ न्यूटन मीटरला आवळलेले हवेत, एक थोडा मग दुसरा थोडा असं आलटून पालटून, एकच पूर्ण आवळून मग दुसरा असं नाही. त्याआधी ते दोन्ही सोडून टोकाची प्लॅस्टिकची टोपी छोट्या प्लॅस्टिकच्या पान्याने हाताने जेवढी बसेल तेवढीच आवळा, क्रँक डावी-उजवी हलायचा थांबला की पुरे, जास्त आवळली तर बेअरिंग जड फिरतं. दोन बोल्टच्या मधली छोटी सेफ्टी पट्टी खाली दाबलेली आहे ना तेपण बघा. एवढं करूनही आवाज राहिला तर पायडल काढून त्याच्या आट्यांना ग्रीस लावा, नवीन क्रँकला जुनी पायडलं कोरडीच बसवलेली असतात आणि आवाज बऱ्याचदा तिथलाच निघतो.